मुलांची पोटगी: ठरवतं कोण, ठरते किती आणि थकली तर वसूल कशी होते?

तलाक झाला, खुला झाला किंवा नवरा-बायको नुसतेच वेगळे राहू लागले की घरात चर्चा सुरू होते ती मेहर, इद्दत, दागिने आणि सामानाची. कोणाचं चुकलं यावर दोन्ही घरची माणसं रात्र रात्र बोलतात. शाळेची फी कोण भरणार, हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी येतो, आणि बऱ्याचदा आईच्या माहेरी जाऊन पडतो. नाना-नानी काही महिने ओढतात, मग मोठ्या मुलाची शाळा सुटते. म्हणून या लेखात आम्ही फक्त मुलांच्या पोटगीबद्दल लिहीत आहोत. बायकोची पोटगी हा वेगळा विषय आहे. तो इथे जरुरीपुरताच येईल.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. काही देशांत यासाठी सरकारचं स्वतंत्र कार्यालय असतं. ते बापाचा पगार पाहून रक्कम ठरवतं आणि थकली तर स्वतःहून मागे लागतं. आपल्याकडे असं खातं नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, तहसील किंवा पोलीस ठाणं, यांपैकी कोणीही पोटगी ठरवू शकत नाही. रक्कम कोर्ट ठरवतं. स्थानिक प्रशासनाचं काम आधी आणि नंतर येतं: आधी दाखले आणि उतारे देण्याचं, नंतर कोर्टाच्या हुकमावरून वसुली करण्याचं. या दोन्ही टोकांना कोणीतरी पाठपुरावा केला तरच गाडी हलते. आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले, असं होत नाही.

हा हक्क मुलाचा आहे

आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की तलाक झाल्यावर इद्दतीचा खर्च दिला की बाप मोकळा झाला. दुसरा गैरसमज असा की मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच खर्च द्यावा लागतो. ही दोन वर्षांची गोष्ट 1986 च्या मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायद्यातून आली. त्या कायद्यात तलाक झालेल्या आईला मुलाच्या जन्मापासून दोन वर्षं मुलासाठी खर्च मिळण्याची तरतूद आहे. त्याचा अर्थ काही जणांनी असा लावला की दोन वर्षांनंतर बापाची जबाबदारीच संपते.

हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच खोडून काढला. नूर सबा खातून विरुद्ध मोहम्मद कासिम हा तो खटला. बिहारमधल्या एका आईने दोन मुली आणि एका मुलासाठी पोटगी मागितली होती. खालच्या कोर्टाने प्रत्येक मुलाला दरमहा 150 रुपये दिले. पुढे नवऱ्याने तलाक दिला आणि 1986 च्या कायद्याकडे बोट दाखवलं. उच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं, पण सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा सारांश असा: दोन वर्षांची ती तरतूद आईच्या हक्काची आहे. मुलांचा स्वतःचा हक्क वेगळा आहे आणि आई-बापाच्या तलाकाने तो कमी होत नाही. मूल सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत, आणि मुलीच्या बाबतीत तिचं लग्न होईपर्यंत, ऐपत असलेल्या बापावर ही जबाबदारी आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायदाही हेच सांगतो, असंही न्यायालयाने नमूद केलं.

दीनच्या बाजूने पाहिलं तरी चित्र वेगळं नाही. फिकहमध्ये याला नफका म्हणतात. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत दूध पिणाऱ्या बाळाच्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर ठेवला आहे. सूरह तलाकच्या 7 व्या आयतीत ज्याची जशी ऐपत तसा त्याने खर्च करावा, हा नियम आहे. मुलं कोणाकडे राहावीत, म्हणजे हिजानत, याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. कोकणातली बरीच घरं शाफई मानतात, तर घाटावर आणि मराठवाड्यात हनफी जास्त. पण मूल आईजवळ असलं तरी खर्च बापाचा, यावर दोन्हीकडे एकमत आहे.

आईने दुसरा निकाह केला म्हणून मुलाचा बापावरचा हक्क जात नाही. बापाने दुसरं लग्न केलं आणि त्याला तिथे मुलं झाली म्हणूनही पहिल्या मुलांचा हक्क संपत नाही. कोर्ट फार तर दोन्ही घरांचा भार लक्षात घेऊन रक्कम ठरवतं.

अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा?

मुख्य रस्ता सर्व धर्मांच्या लोकांसाठी एकच आहे. आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 या नावाने ओळखला जायचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तीच तरतूद कलम 144 मध्ये आली. वकील आणि कर्मचारी अजूनही सवयीने "एकशे पंचवीसची केस" म्हणतात, त्यामुळे गोंधळून जाऊ नका. या कलमाखाली मूल औरस असो वा अनौरस, त्याला पोटगी मागता येते. सज्ञान झालेलं मूल शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे कमवू शकत नसेल तर त्यालाही मागता येते. तलाक झालेली मुस्लिम स्त्री स्वतःसाठीही या कलमाखाली जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणजे आई आणि मुलं एकाच अर्जात मागणी करू शकतात.

दुसरा रस्ता 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा. मारहाण, घरातून हाकलणं, खर्चाचे पैसे बंद करणं हे सगळं त्यात येतं. पैसे अडवणं हीसुद्धा त्या कायद्याने हिंसाच आहे. या कायद्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ते राज्याच्या महिला व बालविकास विभागाचे असतात, अर्ज लिहून द्यायला मदत करतात आणि घटनेचा अहवाल कोर्टाला पाठवतात. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात कळतं.

तिसरी तरतूद 2019 च्या कायद्याची. एका दमात तीन तलाक दिला गेला असेल, तर त्या स्त्रीला स्वतःसाठी आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी निर्वाह भत्ता मागता येतो. तो मॅजिस्ट्रेट ठरवतात.

एकापेक्षा जास्त अर्ज करता येतात, पण एक लपवून दुसरा करता येत नाही. आधीच्या आदेशाची माहिती पुढच्या कोर्टाला द्यावीच लागते. मग आधी मिळालेली रक्कम धरून पुढची ठरते.

कोर्ट कोणतं?

मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक अशा शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे अर्ज जातो. जिथे ते नाही तिथे तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो. नवरा भिवंडीला राहत असेल आणि बायको मुलांना घेऊन मालेगावला माहेरी आली असेल, तर अर्ज मालेगावला करता येतो. बायको जिथे राहते ते ठिकाण कायद्याने चालतं. भिवंडीच्या चकरा मारायची गरज नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अनेक आया थांबून राहतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. राष्ट्रीय विधी सेवेचा फोन नंबर 15100 आहे.

अर्ज केल्यावर अंतिम निकालाची वाट पाहत बसायचं नाही. त्याच दिवशी अंतरिम पोटगीचा वेगळा अर्ज द्यायचा. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो. पण हा अर्जच दिला नसेल तर उशिराची तक्रारही करता येत नाही. नवरा मुद्दाम नोटीस टाळत असेल, तर कोर्ट त्याच्या गैरहजेरीतही आदेश करू शकतं.

रक्कम कशी ठरते?

"पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात" असं सर्रास ऐकू येतं. असा नियम कायद्यात नाही. 2017 च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीसाठी निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम रास्त मानली होती, तिथून हा आकडा पसरला. मुलांसाठी कोणतंही ठरलेलं कोष्टक नाही. पूर्वी कलम 125 मध्ये महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती. ती 2001 मध्ये काढून टाकली.

आज रक्कम ठरवण्याची पद्धत 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने आखून दिली आहे. हा खटला आपल्याच राज्यातला, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेला. तिथे आईला महिना 15,000 आणि मुलाला आधी 5,000 व सप्टेंबर 2015 पासून 10,000 रुपये अंतरिम पोटगी ठरली होती. मुलाची रक्कम आईपासून वेगळी लिहिली होती, आणि ती पुढे वाढवलेली होती, हे लक्षात घ्या. अर्ज 2013 चा होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागेपर्यंत सात वर्षं गेली. त्यामुळेच न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले.

त्यातला मुख्य नियम शपथपत्राचा. आई आणि बाप दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च ठरलेल्या नमुन्यात शपथेवर लिहून द्यायचं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. समोरच्याने चार आठवड्यांच्या आत उत्तरासोबत आपलं शपथपत्र द्यायचं. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. दुसरा नियम असा की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आदेशाच्या तारखेपासून नाही. म्हणून भांडण मिटेल या आशेवर दोन-दोन वर्षं अर्जच न करणं महागात पडतं. त्या दोन वर्षांचा खर्च सहसा कोणी भरून देत नाही.

मुलाच्या खर्चात कोर्ट जेवण, कपडे, राहणं, औषधपाणी आणि शिक्षण धरतं. रास्त असेल तर शिकवणीही धरतं. शिक्षणाचा खर्च सहसा बापावर टाकला जातो. आई चांगली कमावत असेल तर तो दोघांत वाटला जाऊ शकतो. "माझा धंदा बसला, माझ्याकडे काही नाही" एवढं म्हणून बाप सुटत नाही. धडधाकट माणसाने मेहनत-मजुरी करूनही बायको-मुलांना सांभाळलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा एकदा सांगितलं आहे.

इथेच बहुतेक आया कमी पडतात. कोर्टाने विचारलं, "किती लागतात?" तर अंदाजे एखादा आकडा सांगतात. त्यापेक्षा घरी बसून कागदावर हिशोब मांडावा. एका शाळकरी मुलाचा नमुना म्हणून घेऊ:

- शाळेची फी वर्षाला 18,000, म्हणजे महिना 1,500
- वह्या, पुस्तकं, युनिफॉर्म वर्षाला 6,000, म्हणजे महिना 500
- रिक्षा किंवा व्हॅन 800
- शिकवणी 700
- जेवण, दूध, नाश्ता 2,500
- औषधपाणी 400
- घरभाडं आणि लाइट बिलातला मुलाचा वाटा 1,200
- ईदचे आणि रोजचे कपडे वर्षाला 2,400, म्हणजे महिना 200

बेरीज होते 7,800. प्रत्येक ओळीमागे पावती किंवा निदान दुकानाचं बिल असलं तर हा आकडा टिकतो. वर्षातून एकदा येणारे खर्च 12 ने भागून लिहायचे, तेच नेहमी विसरले जातात.

बापाचं उत्पन्न दाखवायचं कसं?

नोकरदाराची पगाराची पावती मिळते. अडचण येते ती धंदेवाल्याची. त्यासाठी स्थानिक कार्यालयांतले कागद कामाला येतात. जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ, गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा कर उतारा, शहरातल्या घराची घरपट्टी किंवा प्रॉपर्टी कार्ड, दुकानाचा परवाना, रिक्षा-टेम्पो असेल तर गाडीचा नंबर. सातबारा सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. बँकेचे किंवा आयकराचे कागद तुम्हाला मिळत नसतील, तर ते हजर करण्याचा हुकूम द्यावा असा अर्ज कोर्टात करता येतो.

तुमच्या बाजूचे कागद वेगळे. मुलाचा जन्म दाखला सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यावर बापाचं नाव आणि वय दोन्ही असतं. तो ज्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत जन्माची नोंद झाली तिथे मिळतो. त्यासोबत निकाहनामा, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाईड दाखला आणि बँकेचं पासबुक. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल (एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर नंतर, हे आपल्याकडे नेहमीचं आहे) तर अर्ज करण्याआधीच वकिलाला दाखवा.

आदेशात काय लिहिलेलं असावं?

निकाल आपल्या बाजूने लागला की सगळे खूश होतात आणि आदेश वाचायचा राहून जातो. चार गोष्टी तपासा. प्रत्येक मुलाची रक्कम वेगळी लिहिली आहे का? आईच्या रकमेवर पुढे वाद झाला तरी मुलांची रक्कम हलू नये, यासाठी ते गरजेचं आहे. पोटगी कोणत्या तारखेपासून, ते लिहिलं आहे का? दर महिन्याच्या किती तारखेपर्यंत द्यायची, ते आहे का? आणि पैसे बँक खात्यात जमा करायचे असं म्हटलं आहे का? रोख पैशांचे व्यवहार टाळा. "मी तिच्या भावाकडे दिले होते" हे वाक्य कोर्टात फार ऐकू येतं, आणि ते खरं की खोटं हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

आदेशाची प्रत मोफत देण्याची तरतूद कायद्यात आहे. ती मागून घ्या. केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबरही लिहून ठेवा. त्यावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख कळते.

पैसे थांबले तर

पहिले दोन-तीन महिने पैसे येतात, मग बंद होतात. हे इतकं नेहमीचं आहे की आदेश मिळाल्याच्या दिवसापासूनच तयारी ठेवलेली बरी. कोर्ट आपणहून काही करत नाही. वसुलीचा अर्ज आपल्यालाच द्यावा लागतो, आणि त्याला मुदत आहे: जी रक्कम थकली, ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत. समजा 8,000 रुपये महिना ठरले आणि 18 महिने काहीच आलं नाही. आज वॉरंटसाठी अर्ज केला तर या मार्गाने मागच्या 12 महिन्यांचे 96,000 मागता येतील. त्याआधीच्या सहा महिन्यांचे 48,000 अडकतील. म्हणून दर चार-सहा महिन्यांनी थकबाकीचा अर्ज द्यावा. आधीचा अर्ज चालू असला तरी नव्या महिन्यांसाठी नवा अर्ज देता येतो.

अर्ज दिल्यावर कोर्टाच्या हातात हे मार्ग असतात.

*जप्ती.* बापाची जंगम मालमत्ता, म्हणजे गाडी, सामान, माल, जप्त करून विकण्याचं वॉरंट निघतं. ते पोलीस ठाण्यामार्फत बजावलं जातं. वॉरंट "पत्ता सापडला नाही" म्हणून परत येणं हा नेहमीचा अडथळा. त्यासाठी कामाचा पत्ता, दुकानाचा पत्ता, गाडीचा नंबर अर्जातच द्या आणि ठाण्यात जाऊन वॉरंटचा नंबर दाखवून विचारपूस करा.

*जिल्हाधिकारी आणि तहसील.* या मार्गाची माहिती फार कमी लोकांना आहे. कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायला सांगू शकतं. मग काम तहसील कार्यालयाकडे येतं. मागणीची नोटीस, मालमत्तेची जप्ती आणि शेवटी लिलाव, असा महसूल कायद्याचा क्रम असतो. या मार्गाने जमीन आणि घरही जप्तीत येऊ शकतं, अटक मात्र करता येत नाही. बापाच्या नावावर शेती किंवा प्लॉट असेल तर सातबारा जोडून कोर्टाकडे नेमकी हीच मागणी करा. एकदा वॉरंट तहसीलला गेलं की त्याचा जावक नंबर घ्या आणि तिथे लेखी पाठपुरावा करा.

*पगार.* नोकरी असेल तर पगारातून कापून घेण्याचा आदेश मागता येतो. साधारण कर्जाच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या वसुलीत मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेने फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित ठेवला आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेट थेट मालकाला सांगू शकतात की पगारातली एवढी रक्कम आईला द्या किंवा कोर्टात भरा.

*तुरुंग.* सबळ कारण नसताना पैसे दिले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. "मी आत बसून आलो, आता काही देणं नाही" असं म्हणणारे भेटतात. ते चूक आहे. कैद भोगल्याने बाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलं आहे.

बाप दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या राज्यात गेला तरी आदेश तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून अमलात आणता येतो. वरच्या कोर्टात अपील केलं म्हणूनही पैसे थांबवता येत नाहीत. त्यासाठी त्या कोर्टाची स्थगिती दाखवावी लागते.

आखातात गेलेल्या बापाचा प्रश्न रत्नागिरी-रायगडच्या घरांना चांगला माहीत आहे. दुबईहून पगार जप्त करून आणणं सोपं नाही, हे खरं. पण गावाकडचं घर, जमीन, फ्लॅट आणि इथलं बँक खातं इथल्या कोर्टाच्या हातात असतं. शिवाय कोर्टाचं समन्स किंवा वॉरंट निघालं असेल, तर पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट जमा करून घेण्याची कारवाई होऊ शकते. सुट्टीवर येणाऱ्या माणसाला याची बरीच धास्ती असते, आणि अनेकदा तडजोड तिथेच होते.

जमात, खुला आणि तडजोड

आम्ही जमातीच्या मध्यस्थीच्या विरोधात नाही. चार समजूतदार माणसं बसली, तर कोर्टाची पाच वर्षं वाचतात. पण जमातीचा किंवा दारुल कझाचा निर्णय कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे. बापाने पैसे बंद केले तर जमात त्याला समजावू शकते, वसुली करू शकत नाही. म्हणून जमातीत ठरलेली रक्कम कोर्टासमोर किंवा लोकअदालतीत नोंदवून घ्यावी. लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो.

खुल्याच्या वेळी जास्त सांभाळावं लागतं. सुटका व्हावी म्हणून आई मेहर सोडते. तो तिचा हक्क आहे, तिने सोडला तर सोडला. पण त्याच स्टॅम्प पेपरवर "मुलांचा खर्च मागणार नाही" असं वाक्य घातलं जातं. मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही, आणि असं वाक्य लिहिलं असलं तरी मूल पोटगी मागू शकतं. तलाकनामे आणि खुलानामे लिहिणाऱ्या आपल्या मौलाना साहेबांना आणि जमातीच्या सदरांना आमची विनंती आहे की हे वाक्य लिहूच नका. उलट मुलांना दरमहा किती, कोणत्या खात्यात, ही ओळ सक्तीने घाला.

वडिलांसाठी दोन शब्द

मुलांना द्यायची इच्छा असलेले बापही आहेत. त्यांनी पैसे खात्यातच भरावेत आणि पावत्या जपाव्यात. नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर गप्प बसून पैसे थांबवू नयेत. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदलून द्यावी असा अर्ज करता येतो. वाढवून मागण्यासाठी आईलाही हाच मार्ग आहे, म्हणजे मूल पाचवीतून दहावीत गेलं, फी दुप्पट झाली, तर नवा आकडा मागायचा.

आणि मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवणं चूक. पैसे देत नाही म्हणून भेटू न देणं, हेही तितकंच चूक. भेटीचा आणि ताब्याचा अर्ज वेगळा असतो, त्याचा मार्ग वेगळा. दोन्हींच्या मध्ये ओढाताण होते ती मुलाची.

आज काय करावं?

वेगळं राहायला लागून काही महिने झाले असतील आणि अजून अर्ज केला नसेल, तर या आठवड्यात जन्म दाखल्याची प्रत काढा आणि विधी सेवा समितीत जा. आदेश हातात असेल, तर तो पुन्हा वाचा आणि शेवटचे पैसे कधी आले ती तारीख पासबुकात पाहा. त्या तारखेपासून किती महिने झाले ते मोजा. आकडा बाराच्या जवळ आला असेल, तर पुढच्या जुम्म्याची वाट न पाहता वसुलीचा अर्ज द्या.